नवीन मोटरसायकल घेताना घासाघीस नेमकी कशावर करायची?

मिरजेचा_बुंगाट | रवि, ०८/०३/२०२६ - २१:१२

मंडळी, पाडव्याला गाडी दारात उभी करायची असं घरात ठरलंय. माझी २०११ ची १०० सीसीची गाडी आता पेट्रोल कमी आणि ऑइल जास्त पिते. मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलावं लागेल, बाबा म्हणतात पुरे झालं. १६० सीसीची एक मोटरसायकल पसंत पडली आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळा धागा 'ही घेऊ नका, ती घ्या'वर जाईल.

काल कोटेशन घेतलं. एक्स-शोरूम १,२२,०००. आरटीओ १५,९००. इन्शुरन्स १३,९००. हँडलिंग २,५००. ॲक्सेसरीज किट ५,४००. वाढीव वॉरंटी १,८५०. हेल्मेट १,२५०. एकूण १,६२,८००.

काही कमी होईल का विचारलं तर काउंटरवरचा पोरगा हसून म्हणाला, "सर, डिस्काउंट फोर-व्हीलरला असतो." मॅनेजरने एक की-चेन पुढे सरकवली. बाहेर आल्यावर बाबा माझ्यावरच घसरले. "वीस रुपयांच्या भाजीवर कोथिंबीर फुकट मागतोस, आणि दीड लाखाच्या गाडीला तोंड शिवलंय?" स्वतः मात्र आत बसून दोन ग्लास सरबत प्यायले, एक शब्द बोलले नाहीत.

तर, ज्यांनी अलीकडे गाडी घेतली त्यांनी सांगा. खरंच काही सुटतं का? की की-चेन घेऊन गप बसू?

ग्रीसगन | रवि, ०८/०३/२०२६ - २१:२०

की-चेन घ्या. चावी ठेवायला लागतेच.

हिशेबनीस | रवि, ०८/०३/२०२६ - २१:४७

एक्स-शोरूमवर वाद घालू नका, तिथे काही हलणार नाही. त्याच्या खालची प्रत्येक ओळ मात्र वाचा.

आरटीओ. महाराष्ट्रात ९९ ते २९९ सीसीच्या दुचाकीला एकरकमी कर ११ टक्के. १,२२,००० वर झाले १३,४२०. नोंदणी ३००, स्मार्ट कार्ड २००, कर्ज असेल तर बोजा चढवायचे ५००. बेरीज १४,४२०. इकडेतिकडे शंभर-दोनशे धरा. तुम्हाला १५,९०० लावलेत. मधले दीड हजार कुणाच्या चहापाण्याचे, ते विचारा. नंबरप्लेटचे वेगळे म्हणतील तर ऐकू नका. नव्या गाडीला एचएसआरपी १ एप्रिल २०१९ पासून गाडीबरोबरच येते.

इन्शुरन्स. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी ५ वर्षांची एकदम घ्यावी लागते. तिचा दर सरकार ठरवतं, कंपनी कुठलीही असो. जून २०२२ ला ठरलेला दर १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,६९१. इथे कुणी तुम्हाला सूट देऊ शकत नाही. राहिले ५,२०० रुपये, ते स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे एका वर्षाचे आणि वरच्या टाकलेल्या गोष्टींचे. खेळ सगळा तिथे आहे. घरी बसून ऑनलाइन कोट काढा, झिरो डेप (क्लेममध्ये पार्टचा घसारा कापत नाहीत ते) धरून, आणि फरक इथे लिहा.

अनघा_डोंबिवली | रवि, ०८/०३/२०२६ - २२:१५

हेल्मेटचे १,२५० कशाचे? मोटार वाहन नियमांत १३८(४)(फ) म्हणून आहे, दुचाकी विकताना आयएसआयचं हेल्मेट द्यायचंच. मी मागच्या वर्षी स्कूटर घेतली तेव्हा हा नियम मोबाईलवर उघडून दाखवला. तो म्हणाला, "मॅडम, ते कंपनीकडून येत नाही." म्हटलं, मग तसं लेटरहेडवर लिहून द्या. पाच मिनिटांत गोदामातून हेल्मेट आलं.

अवांतर: गाडी माझी, पैसे माझे, आणि तो सेल्समन वीस मिनिटं सगळं आमच्या ह्यांच्याकडे बघून सांगत होता. मायलेज, टॉर्क, काय काय. शेवटी हेच म्हणाले, "अहो, मला गाडी येत नाही. मी मागे बसणार."

ग्रीसगन | रवि, ०८/०३/२०२६ - २२:१८

ह्यांना आमचा साष्टांग.

माजी_काउंटर | रवि, ०८/०३/२०२६ - २३:०२

मी चार वर्षं काउंटरच्या त्या बाजूला बसलोय (शोरूम सांगणार नाही, आता तो धंदाही सोडला). दोन गोष्टी सांगतो, एक तुमच्या बाजूची, एक त्या पोराच्या.

दुचाकीच्या एक्स-शोरूममध्ये डीलरला फार काही उरत नाही, त्यामुळे तो हसला ते खोटं नव्हतं. डीलर जगतो इन्शुरन्सच्या कमिशनवर, फायनान्सवर, ॲक्सेसरीजवर आणि सर्व्हिसवर. आम्हाला पगारात टार्गेट असायचं ते गाड्यांचं एक आणि 'अटॅचमेंट'चं एक. म्हणजे दहा गाड्या गेल्या तर त्यातल्या किती जणांनी आमचा इन्शुरन्स घेतला, आमचं लोन घेतलं, किट बसवलं. एखाद्याने नुसती गाडी नेली तर मॅनेजर आमच्याकडे बघायचा, गिऱ्हाइकाकडे नाही. तेव्हा त्या पोराला चोर समजू नका.

आता तुमच्या बाजूचं. इन्शुरन्स बाहेरून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे, शोरूम नाही म्हणू शकत नाही. नाही म्हणतही नाहीत. ते उशीर करतात. पॉलिसीला चासी नंबर आणि इंजिन नंबर लागतो. तो तुम्हाला डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी देतात आणि म्हणतात, "सर, आता पॉलिसी नाही झाली तर पासिंग नाही, पाडवा हुकेल." मग माणूस आमचीच घेतो. मी स्वतः असं केलंय, लपवत नाही. त्यामुळे बुकिंगच्या वेळीच सांगा, गाडी अलॉट करा आणि चासी नंबरसकट प्रोफॉर्मा (कच्चं बिल) द्या. पाडव्याला गाडी हवी तर हे सगळं १३-१४ तारखेपर्यंत उरकायला हवं, कारण नंबर पडून प्लेट बसल्याशिवाय गाडी बाहेर काढू देत नाहीत.

बाहेरून घेताना एकच बघा, तुम्ही जिथे सर्व्हिसिंग करणार त्या वर्कशॉपला त्या विमा कंपनीचं कॅशलेस चालतं का. नाहीतर पडल्यावर आधी स्वतःचे भरा आणि मग मागत बसा.

वऱ्हाडी_ठेचा | सोम, ०९/०३/२०२६ - ०७:३६

बाकी ठीक आहे भाऊ, पण मार्जिन नाही मार्जिन नाही म्हणून राहिले, तर मग आरटीओच्या नावानं दीड हजार काहून लावले? आणि हँडलिंग म्हणजे काय हँडल केलं बा यानं? गाडी ट्रकमधून उतरवली हेच ना? मी किराणा दुकानदार आहे. साखरेचं पोतं उतरवायचे पैसे गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळे लावले तर उद्यापासून दुकानात मीच एकटा बसून राहीन.

माजी_काउंटर | सोम, ०९/०३/२०२६ - ०९:१०

@वऱ्हाडी_ठेचा, हँडलिंगचा बचाव मी करणारच नाही. ती ओळ पहिल्याच झटक्यात काढायची. "हे कुठल्या पावतीवर दाखवणार?" एवढं विचारलं तरी निघते.

चेतकवाले_आजोबा | सोम, ०९/०३/२०२६ - १०:५५

तुम्ही कमी करा म्हणता याची गंमत वाटते. आमच्या वेळी जास्त देऊनही मिळत नसे. चेतक १९७२ ला आली. मी नाव नोंदवलं तेव्हा अविवाहित होतो, नंबर लागल्याचं पत्र आलं तेव्हा थोरला बालवाडीत होता. पत्र हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतला एक व्यापारी घरी. "अलॉटमेंट मला द्या, वर एवढे ऑन देतो." रक्कम माझ्या चार-पाच पगारांइतकी होती. रात्रभर झोप नाही. हिने सकाळी चहा देताना विचारलं, "त्या पैशांवर बसून बाजारात जाता येईल का?" गाडी घेतली. अजून आहे. किक मारायला मात्र आता नातू लागतो.

त्या काळी शोरूममध्ये रंग विचारत नसत. जो आला तो आपला.

अनघा_डोंबिवली | सोम, ०९/०३/२०२६ - ११:२०

आजोबा, आजींना नमस्कार सांगा. यावर वेगळा धागा काढाच.

मिरजेचा_बुंगाट | सोम, ०९/०३/२०२६ - १३:०५

आजोबांचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "बघ." काय बघ ते काही सांगितलं नाही.

हिशेबनीस, ऑनलाइन कोट काढला. झिरो डेप धरून, वैयक्तिक अपघात विम्यासकट ११,२४०. शोरूमचे १३,९००. म्हणजे २,६६० चा फरक.

आणि एक विचारायचं राहिलं. शोरूमवाला लोन '९ टक्के फक्त' म्हणतो, तीन वर्षं. आमच्या पगारदार पतसंस्थेचा दर १०.५ आहे. मग शोरूमचंच बरं ना?

हिशेबनीस | सोम, ०९/०३/२०२६ - १३:४०

थांबा. सही करू नका.

त्याला विचारा, ९ टक्के फ्लॅट की रिड्युसिंग? फ्लॅट असेल तर तीन वर्षं तुम्ही पूर्ण रकमेवर व्याज भरता, मुद्दल दर महिन्याला कमी होत असली तरी. एक लाखावर वर्षाला ९,००० प्रमाणे तीन वर्षांचे २७,०००. हप्ता ३,५२८. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या हिशेबात मांडला तर दर सोळा टक्क्यांच्या वर जातो.

तुमच्या पतसंस्थेचे १०.५ घटत्या शिलकीवर असतील तर हप्ता ३,२५० आणि एकूण व्याज १७,००० च्या आसपास. दहा हजारांचा फरक झाला. हँडलिंगचे अडीच हजार सोडवायला तुम्ही अर्धा दिवस भांडणार आणि इथे हसत हसत दहा हजार देऊन येणार होतात. प्रोसेसिंग फी आणि लोनबरोबर गळ्यात मारलेला विमा अजून धरलाच नाही.

टक्के विचारूच नका. हातात किती पैसे मिळणार, हप्ता किती, हप्ते किती, हे तीन आकडे घ्या आणि गुणाकार करा.

वऱ्हाडी_ठेचा | सोम, ०९/०३/२०२६ - १३:५२

साहेब, तुमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी माणूस दहादा विचार करीन.

ऑस्टिनचा_गण्या | सोम, ०९/०३/२०२६ - १८:२५

इथे टेक्सासातही तीच रड, नावं वेगळी. मोटरसायकलच्या किमतीवर 'फ्रेट', 'सेटअप', 'डॉक फी' असं लावत जातात. 'सेटअप' म्हणजे खोक्यातून काढून आरसे आणि बॅटरी लावली, त्याचे पैसे. मी चार डीलरना एकच ईमेल पाठवली, 'सगळं धरून दाराबाहेर किती?' दोघांनी उत्तरच दिलं नाही, एकाने फोन करून 'या ना, बसून बोलू' म्हटलं, चौथ्याने आकडा दिला. त्याच्याकडून घेतली. बसून बोलू म्हणणाऱ्याकडे जायचं नाही, हे मी पुण्यात लग्नाची बोलणी चालू असतानाच शिकलो होतो.

तुम्हीपण सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी अशी तीन कोटेशनं व्हॉट्सॲपवर लेखी मागवा.

कऱ्हाडची_किक | सोम, ०९/०३/२०२६ - २०:३०

पाडव्याला का घेताय? पाडवा-दसऱ्याला गिऱ्हाईक आपणहून येतं, तेव्हा कोण कशाला सोडेल? मार्च अखेरीला, ३०-३१ तारखेला जा. महिन्याचं टार्गेट, वर्षाचं टार्गेट, सगळं त्याच्या मानेवर असतं. नाहीतर सरळ पितृपक्षात घ्या, शोरूममध्ये माशा मारत असतात. नाहीतर १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे.

सांजवात | सोम, ०९/०३/२०२६ - २०:४४

पितृपक्षाचं दरवर्षी खरं नाही. गेल्या वर्षी २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि त्याच दिवसापासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला. त्याआधीचे पंधरा दिवस घाई करून कोण घेणार? आमच्या शेजाऱ्यांनी पितरांच्या नावाखाली जीएसटीची वाट पाहिली. पितरही खूष, खिसाही.

बाकी मुहूर्त चुकला तर एप्रिलमध्ये अक्षय्य तृतीया आहेच. साडेतीनातला अर्धा.

चेतकवाले_आजोबा | सोम, ०९/०३/२०२६ - २१:०२

अर्धा अक्षय्य तृतीया नव्हे. अर्धा बलिप्रतिपदा.

सांजवात | सोम, ०९/०३/२०२६ - २१:०६

आमच्याकडे अक्षय्य तृतीयाच अर्धी धरतात आजोबा.

ग्रीसगन | सोम, ०९/०३/२०२६ - २१:०९

आता हा धागा शंभरी गाठणार.

बॅटरीबाबा | सोम, ०९/०३/२०२६ - २१:३०

२०२६ मध्ये पेट्रोलची गाडी? इलेक्ट्रिक घ्या, इंजिन ऑइलपण नको.

वऱ्हाडी_ठेचा | सोम, ०९/०३/२०२६ - २१:३३

आले.

रानवाटा | सोम, ०९/०३/२०२६ - २२:१०

मार्चमध्ये घेणाऱ्यांनी एक नक्की बघा, गाडी कधी बनली आहे. चासी नंबर १७ अक्षरांचा असतो. बहुतेक कंपन्यांच्या नंबरात दहावं अक्षर वर्ष सांगतं. 'एस' म्हणजे २०२५, 'टी' म्हणजे २०२६. फॉर्म २१ वर महिना-वर्ष छापलेलं येतं, पण तो फॉर्म पैसे भरल्यावर दिसतो, म्हणून आधीच चासी वाचा. टायरच्या कडेलाही चार आकडे असतात. ३२२५ असेल तर टायर २०२५ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला.

मला गेल्या जानेवारीत आदल्या जुलैची गाडी दाखवली होती. सीटवर प्लास्टिक, पण पुढच्या डिस्कवर गंज आणि टायरखाली सिमेंटवर टायरचाच ठसा. मी वाकून टॉर्च मारली तर सेल्समन म्हणाला, "धुतली की जाईल." म्हटलं, धूळ जाईल, सहा महिने कसे जातील? उद्या विकताना आरसीवर वर्ष मागचं दिसणार. शेवटी तीच गाडी घेतली, पण नवी बॅटरी, वाढीव वॉरंटी फुकट आणि ३,००० कमी, असं लिहून घेऊन. तेव्हा जुना स्टॉक वाईटच असं नाही. नव्याच्या भावात घेणं वाईट.

इचलकरंजी_एक्सप्रेस | मंगळ, १०/०३/२०२६ - ०८:१५

जुन्या गाडीचं काय करणार ते कुणी विचारलंच नाही. एक्स्चेंजला देत असाल तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी सोडून येऊ नका, नाव बदलल्याचं स्वतः तपासा. मी एका ठिकाणी एक्स्चेंजला दिली, 'आम्ही बघतो' म्हणाले. दीड वर्षाने मला ट्रिपल सीटचं ई-चलन. फोटोत माझी गाडी, वर तीन पोरं, मधल्याच्या हातात उसाचं कांडकं. दंड माझ्या नावावर. हिने फोटो बघून विचारलं, "यातले तुम्ही कोणते?"

ग्रीसगन | मंगळ, १०/०३/२०२६ - ०८:२२

उसवाला.

खानदेशी_भरीत | मंगळ, १०/०३/२०२६ - १०:४०

सगळं वाचलं. वेगळं मत मांडतो, हलके घ्या. गाडी दहा-बारा वर्षं वापरणार. दोन-तीन हजारांसाठी ज्याच्याकडे पुढे सर्व्हिसिंगला जायचं त्याच्याशी पहिल्याच दिवशी वाकडं कशाला घ्यायचं? मी घासाघीस केली नाही, किट घेतलं, पेढे दिले. आज वर्कशॉपमध्ये माझी गाडी आधी रॅम्पवर चढते.

अनघा_डोंबिवली | मंगळ, १०/०३/२०२६ - ११:०५

@खानदेशी_भरीत, पेढ्यांवर सहमत, किटवर नाही. पावती मागणं म्हणजे भांडण नव्हे. मी आवाज न चढवता मागितली, आणि तो मुलगा अजूनही सर्व्हिसिंगची तारीख स्वतः फोन करून सांगतो.

माजी_काउंटर | मंगळ, १०/०३/२०२६ - ११:३०

खानदेशी_भरीत, रॅम्पवर गाडी चढवणारा आणि कोटेशन देणारा यांची वर्षानुवर्षं भेट होत नाही. पेढे मेकॅनिकला दिलेत म्हणून चढते.

खानदेशी_भरीत | मंगळ, १०/०३/२०२६ - ११:५८

हे मात्र खरं निघालं. आज विचारून आलो.

मिरजेचा_बुंगाट | शुक्र, २०/०३/२०२६ - २२:२०

काल गाडी आली. कबूल केल्याप्रमाणे हिशेब देतो.

१२ तारखेला तीन शहरांची कोटेशनं घेऊन गेलो. बाबा म्हणाले मी येत नाही, सरबत नको. मी आवाज न चढवता एकेका ओळीवर बोट ठेवत गेलो. हँडलिंगवर बोट ठेवल्याबरोबर पोरगा म्हणाला, "ते काढतो सर," जणू चुकून पडलं होतं. आरटीओ १४,६०० वर आला. वरचे थोडे पोस्टाचे आणि कागदांचे म्हणाला, सोडून दिलं. हेल्मेटसाठी मोबाईल खिशातून काढला, नियम उघडायच्या आतच हेल्मेट आलं. किटमधलं फक्त लेग गार्ड घेतलं, १,४५०. सीट कव्हर आणि टाकीचं कव्हर नको म्हटल्यावर त्याला खरंच वाईट वाटलं. वाढीव वॉरंटी ठेवली. चासीत 'टी' होता. इन्शुरन्स बाहेरचा, ११,२४०. तिथे मॅनेजर आला, "क्लेमला अडचण येईल." मी कॅशलेस वर्कशॉपची यादी पुढे केली. त्यात त्यांचंच नाव तिसरं होतं.

एकूण १,५१,१४०. पहिल्या कोटेशनपेक्षा ११,६६० कमी. सूट म्हणून एक रुपया मिळालेला नाही. लोन पतसंस्थेचं. जुनी गाडी मेकॅनिकनेच घेतली, नाव बदलेपर्यंत किल्ली माझ्याकडे.

बाबांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "की-चेन दिली का?"

नाही दिली.

वऱ्हाडी_ठेचा | शुक्र, २०/०३/२०२६ - २२:२६

अरारारा. जाऊन घेऊन ये बा.

कऱ्हाडची_किक | शुक्र, २०/०३/२०२६ - २२:३१

अभिनंदन! ३१ तारखेला घेतली असती तर अजून सुटले असते, असो. साडी गार्ड काढलं का? १६० सीसीच्या गाडीला ते फार विचित्र दिसतं.

मिरजेचा_बुंगाट | शुक्र, २०/०३/२०२६ - २२:४४

काढणार होतो, पाना हातात होता. आई म्हणाली आधी वाडीला जाऊन येऊ. आज सकाळी नृसिंहवाडीला गेलो, ती मागे नऊवारीत, एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात दत्ताला वाहायचा नारळ. येताना म्हणाली, जुन्या गाडीवर पाय ठेवायला नीट जागा नव्हती, पंधरा वर्षं मी बोलले नाही. पाना परत डब्यात टाकला.

चेतकवाले_आजोबा | शनि, २१/०३/२०२६ - ०६:१०

उत्तम. पहिली सर्व्हिस चुकवू नका. आणि ॲव्हरेज किती देते?